मूळचा कुठला?

पुण्याहून दौंडला जाणाऱ्या गाडीत यवत गेलं की मी पाठीवर सॅक टाकून दारात येऊन उभा राहतो. पुढचं स्टेशन खुटबाव. त्याच्या पुढचं केडगाव. शुक्रवारी संध्याकाळी मी गावी उतरतो आणि सोमवारी पहाटे पुन्हा गाडी पकडतो. मधले दिवस हडपसरला, तिघांनी मिळून घेतलेल्या एका खोलीत. चार वर्षं हेच चाललंय.

या चार वर्षांत इन्स्टावरचा माझा बायो तीन वेळा बदललाय. आधी नुसतं 'पुणे' होतं. मग एकदा गावच्या यात्रेचे फोटो टाकले, त्या भरात 'खुटबावकर' केलं. कंपनीतल्या लोकांनी फॉलो करायला सुरुवात केली, तसं तेही काढलं. आता तिथे काहीच नाही. हे वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी असं काही ना काही केलं असेल. दीडशे अक्षरांच्या त्या चौकटीत आपण कोण हे लिहायचं असतं, आणि तिथेच बोटं अडतात.

अडायला कारण आहे. हडपसरची खोली बघायला गेलो तेव्हा मालकीणबाईंनी आधी नाव विचारलं, मग आडनाव, मग "मूळचे कुठले?" दौंडकडचा म्हटल्यावर पुढचा प्रश्न आला, "गावाकडची माणसं मुक्कामाला येतील का सारखी?" मी घाईने "नाही, नाही" म्हणालो. ऑफिसात तात्यांचा फोन आला की मी जिन्यात जातो. तात्यांशी बोलताना माझ्या तोंडी 'न्हाय' आणि 'हाय' येतं, आणि ते तिथे कुणी ऐकू नये असं मला वाटतं. कुणी तसं कधी सुचवलेलंही नाही. माझं मीच ठरवून टाकलंय.

म्हणून गावात तरी मी गावचा आहे का? पूर्वी पारावरची पोरं म्हणायची, "आला का रं?" आता म्हणतात, "काय पुणेकर, कधी आलात?" हे 'आलात' मला जास्त लागतं. आपल्या भाषेत मान देऊनही माणसाला लांब करता येतं.

तर मी कुठला, या प्रश्नाने मला बरंच छळलंय. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत या विषयावरचे व्हिडिओ पाहिलेत. 'स्वतःला शोधा', 'आपली मुळं ओळखा' वगैरे. त्यातून काही हाती लागलं नाही. जे थोडंफार लागलं ते आमच्याच रानात, आणि ज्या प्रसंगात लागलं तो मला अभिमानाने सांगता येण्यासारखा नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. जानेवारी होता आणि आमच्या उसाला तोड आली होती. शनिवारी सकाळी मी आणि माझा चुलतभाऊ फडावर गेलो. आमच्याकडे न राहणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. दिवाळी झाली की बीड, अहिल्यानगर, जालना अशा भागांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघतात आणि साखर कारखान्यांच्या पट्ट्यात येऊन उतरतात. रानाच्या कडेला नाहीतर मोकळ्या जागेत त्यांच्या कोप्या पडतात. नवरा-बायको मिळून ऊस तोडतात, मोळ्या बांधतात, गाडी भरतात. या जोडीला 'कोयता' म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याप्रमाणे. दोन जिवंत माणसांची ओळख म्हणजे हातातलं हत्यार. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो होतो आणि मला त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

बांधावर आठेक वर्षांचा एक पोरगा बैलांना वाढं टाकत होता. सहज बोलायचं म्हणून मी विचारलं, "काय रे, कुठला तू?"

"हिथलाच."

"हिथला म्हणजे?"

"हिथंच झालोय मी. आई म्हनती, खुटबावच्या फडात झालास म्हनून."

चुलतभाऊ हसला. मीही हसलो आणि म्हणालो, "आरं, ते ठीकय. पण मूळचा कुठला?"

पोराने माझ्याकडे नीट पाहिलं. मग बीड जिल्ह्यातल्या एका गावाचं नाव घेतलं आणि म्हणाला, "तिथं आजी असती." पुन्हा बैलांकडे वळला.

तेव्हा मला त्यात काहीच वाटलं नाही. वाटलं ते सोमवारी पहाटे, गाडीत. मालकीणबाईंनी मला जो प्रश्न विचारला होता, तोच मी त्या पोराला विचारला होता. शब्दही तोच, 'मूळचा'. त्या पोराने सरळ एक उत्तर दिलं होतं. माझ्यासारखा ज्याच्या शोधात माणूस रात्रभर फोन चाळत बसतो ते उत्तर, 'मी इथला आहे', त्याच्याजवळ तयार होतं. आणि मी ते अमान्य केलं होतं. कोणत्या अधिकाराने? सातबाऱ्यावर तात्यांचं नाव आहे, या अधिकाराने.

'मूळ' या शब्दावर मी तेव्हापासून विचार करतोय. आमच्या रानात मूळचं काय आहे? ऊस तर नाहीच. आमच्याकडे जी जात जास्त लावतात तिचं नाव को-86032. यातला 'को' म्हणजे कोइमतूर. तमिळनाडूतल्या गावाचं नाव घेऊन ऊस आमच्या रानात उभा आहे आणि त्याला कुणी मूळ गाव विचारत नाही. पाणीही इथलं नाही. दौंड तालुक्यात ऊस पिकायला लागला तो खडकवासल्याहून आलेल्या कालव्यांमुळे. ते पाणी सिंहगडापलीकडच्या डोंगरांत पडलेल्या पावसाचं. गुऱ्हाळं आमच्या तालुक्याची ओळख, पण कितीतरी गुऱ्हाळांवर काहिलीपाशी उभा असलेला माणूस उत्तर प्रदेशातला असतो.

आणि माणसं? याचं उत्तर आमच्या घरातच चुलीपाशी बसलेलं आहे. आजी लग्न होऊन पारगावहून आली त्याला पंचावन्न वर्षं झाली. इथेच तिची पोरं झाली, इथेच तिने ऊस लावला आणि विहिरीच्या कामावर दगड वाहिले. आजही तिच्या वयाच्या बायका तिला 'पारगावची' म्हणतात. आणि पारगावला गेली की माहेरची माणसं म्हणतात, "खुटबावच्या आत्या आल्या." मी तिला एकदा विचारलं, "मग आजी, तू कुठली गं?" ती म्हणाली, "बायामाणसाला आसं इचारत न्हाईत."

तिच्या उत्तरावर मी हसलो होतो. नंतर लक्षात आलं, गावातली निम्मी माणसं दुसऱ्या गावाहून आलेली आहेत. आमच्याकडच्या कुठल्याही गावाची हीच तऱ्हा. सुना सगळ्या बाहेरच्या. तरीही 'मूळचं गाव' हा शब्द आपण बिनधास्त वापरतो, कारण हिशेब करताना त्या निम्म्या माणसांना आपण धरतच नाही.

पण मला इथे घाईने 'मूळबीळ सगळं खोटं' असंही म्हणायचं नाही. ते सोपं आहे, आणि खरंही नाही. फ्रेंच विचारवंत सिमॉन वेल 1943 साली लंडनमध्ये होती. तिचा देश नाझींच्या ताब्यात होता आणि ती घरापासून तुटलेली होती. तिथे तिने मुळांच्या गरजेवर एक पुस्तक लिहायला घेतलं. त्याच वर्षी, वयाच्या 34व्या वर्षी ती गेली. पुस्तक नंतर छापलं गेलं. तिचं म्हणणं थोडक्यात असं की कुठेतरी रुजलेलं असणं ही माणसाच्या मनाची फार मोठी गरज आहे आणि तिच्याकडे फार कमी लक्ष जातं. पण मूळ म्हणजे काय याचं तिचं उत्तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं. एखाद्या समूहाच्या जगण्यात खरोखरचा, हातापायांनी सहभाग असणं, त्यातून माणूस रुजतो. नुसतं नाव तिथे लागलेलं असून भागत नाही.

ही कसोटी मी स्वतःला लावली तेव्हा पंचाईत झाली. शनिवार-रविवार येऊन बांधावर सेल्फी काढणारा मी, आणि दिवाळीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत त्याच रानात पहाटेच्या थंडीत वाकून ऊस तोडणारी त्या पोराची आई. खुटबावच्या जगण्यात हातापायांनी जास्त सहभाग कुणाचा? ऊस शेतकऱ्याचा खरा, पण त्याचे पैसे होतात ते तो तुटून गेल्यावर. माझी इंजिनिअरिंगची फी त्याच पैशातून भरली गेली.

आता पुढच्या स्टेशनाबद्दल. केडगावला उतरणाऱ्यांमध्ये पंडिता रमाबाईंच्या 'मुक्ती'ला जाणारं कुणी ना कुणी असतंच. घरापासून इतक्या जवळची ही जागा, पण शाळेत असताना मला एवढंच ठाऊक होतं की तिथे निराधार बायका राहतात. रमाबाईंची गोष्ट मी नीट वाचली ती या प्रसंगानंतर. 'मी कुठली' या प्रश्नाने ज्यांना सगळ्यात जास्त छळायला हवं होतं, अशा त्या होत्या.

जन्म 1858चा, कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं, आणि पुढे सगळं कुटुंब तीर्थक्षेत्रांतून पुराणं सांगत फिरत राहिलं. म्हणजे गाव असं नाहीच. दुष्काळाच्या दिवसांत आई-वडील आणि बहीण गेली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ पायी भटकत 1878 साली कोलकात्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून त्यांचा गौरव केला. भाऊ गेला. 1880 साली त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं, जातीबाहेर. दोन वर्षांत तेही गेले. लहानग्या मनोरमेला घेऊन त्या पुण्याला आल्या. 1883 साली इंग्लंडला गेल्या आणि तिथे ख्रिस्ती झाल्या.

यानंतर पुण्यातल्या अनेकांसाठी त्या परक्या झाल्या. इकडे इंग्लंडातल्या चर्चच्या मंडळींनाही त्या पूर्ण आपल्या वाटेनात. शाकाहार सोडत नाहीत, प्रश्न विचारतात, धर्मगुरू सांगतात म्हणून ऐकत नाहीत. श्रद्धा त्यांना सापडली होती. पण 'ही आमची' असं बिनशर्त म्हणणारा समाज दोन्हीकडे नव्हता. 1889 साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. 1893 साली मुलींना ख्रिस्ती करतात असा आरोप झाला, सल्लागार मंडळींनी अंग काढून घेतलं आणि पालकांनी आपल्या मुली घरी नेल्या.

अशा माणसाने पुढे काय करावं? माझ्यासारखा असता तर 'लोक मला समजून घेत नाहीत' अशी एक लांबलचक पोस्ट लिहिली असती. रमाबाईंनी केडगावला जमीन घेतली होती. 1896-97च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, भुकेने मरायला टेकलेल्या शेकडो मुली आणि बायका घेऊन आल्या आणि केडगावच्या माळावर त्यांची सोय लावली. पुढे ती संख्या हजाराच्या वर गेली. तिथे शाळा आली, शेती आली, हातमाग आणि छापखाना आला. 1922 साली रमाबाई तिथेच वारल्या. ती जागा आजही चालू आहे.

मी त्यांना देव्हाऱ्यात बसवत नाही. मुक्ती ही ख्रिस्ती संस्था होती, आणि दार उघडणाऱ्याच्या श्रद्धेचा रंग आत येणाऱ्यावर चढतोच. आसऱ्याच्या बदल्यात काय द्यावं लागलं, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो गैर नव्हता. पण मला त्यांच्याकडून घ्यायची आहे ती एकच गोष्ट. 'मी कुणाची' याचा निकाल लागेपर्यंत त्या थांबल्या नाहीत. 'माझ्या भरवशावर कोण आहे' हा प्रश्न त्यांनी आधी घेतला. ज्या बाईला सांगायला गाव नव्हतं, तिच्यामुळे हजारभर जणींना सांगायला गाव मिळालं: केडगाव.

आपल्या पिढीची गल्लत इथेच होते असं मला वाटतं. आपण सगळे स्वतःला दाराबाहेर उभा असलेला माणूस समजतो. पुणं आपल्याला घेत नाही, गाव घेत नाही, ऑफिस घेत नाही. ते काही अंशी खरंही असतं. पण त्याच वेळी दुसऱ्या कुठल्यातरी दारात आपण आतल्या बाजूला कडी धरून उभे असतो, आणि ते आपल्याला दिसत नाही. हडपसरच्या दारात मी बाहेर होतो. आमच्या रानाच्या बांधावर मी आत होतो. 'मी कुठला' हा प्रश्न मी वर्षानुवर्षं विचारला. 'माझ्यामुळे कोण इथला ठरतो आणि कोण ठरत नाही' हा त्याचाच जोडप्रश्न एकदाही विचारला नाही.

तुम्ही म्हणाल, मग काय करायचं? येईल त्याला 'तू इथलाच' म्हणायचं? मलाही वाटलं होतं की तेवढं पुरेल. पुढच्या शनिवारी मी त्या पोराच्या आईला म्हणालो, "ताई, तुमचा मुलगा म्हणतो मी इथलाच. खरंच आहे की." त्यांना त्याचं काही कौतुक वाटलं नाही. मोळी बांधता बांधता म्हणाल्या, "आमचं गाव हाय की दादा. घर हाय, देव हाय. सहा महिने कुलूप आसतं, येवढंच." मग थोडं थांबून म्हणाल्या, "हिथलाच म्हनताव तर त्येला साळंत तरी बसवा. तिकडं नाव हाय, पर इकडं आलं की साळा सुटतीच."

म्हणजे माझ्या गोड शब्दांचा त्यांनी एका वाक्यात हिशेब मांडला. 'इथला' म्हणायचं असेल तर इथल्याला जे मिळतं ते द्या. शिक्षण हक्क कायदा 2009चा आहे. गाव बदललेल्या मुलाला शाळेत घ्यायलाच हवं, दाखला यायला उशीर झाला म्हणून अडवता येत नाही, हे मी फोनवर पाच मिनिटांत वाचलं आणि म्हणालो, "मी येतो शाळेत त्याला घेऊन."

शाळा शनिवारी दुपारपर्यंत सुटते आणि रविवारी बंद. म्हणजे मला एक रजा टाकायची होती. त्या आठवड्यात रिलीज होतं. पुढच्या आठवड्यात मित्राच्या वाढदिवसाला लोणावळ्याला जायचं ठरलं आणि त्यासाठी मी शुक्रवारची रजा टाकली. हो, ती टाकली. त्याच्या पुढच्या आठवड्यात विसरलो. फेब्रुवारी संपताना एका शनिवारी रानात गेलो तर कोप्या उठल्या होत्या. चुलींचे तीन दगड, पाचट, आणि बैलांच्या दावणीच्या खुणा. टोळी दुसऱ्या गावाला लागली होती. मुकादमाचा नंबर माझ्याकडे नव्हता. तो घ्यावा असंही मला सुचलं नव्हतं.

त्या मोकळ्या जागेत उभं राहून मला जे वाटलं, त्याला ओळखीचा प्रश्न म्हणता येणार नाही. मी कोण, हे त्या दिवशी मला चांगलं कळलं होतं. शब्द देऊन न पाळणारा माणूस. माणसाची ओळख बायोत नसते, बोलण्याच्या धाटणीतही नसते. कुणी आपल्यावर विसंबलं होतं आणि आपण काय केलं, इथे ती ठरत जाते. आजीला 'पारगावची' म्हणणाऱ्या बायकाच अडीनडीला सगळ्यात आधी तिच्याकडे येतात. तिला 'मी कुठली' असं विचारत बसावं लागलं नाही, ते बहुतेक यामुळे.

गेल्या दिवाळीनंतर दुसरी टोळी आली. तो पोरगा तिच्यात नव्हता. मी मुकादमाला विचारलं, त्यालाही ती माणसं माहीत नव्हती. या टोळीत शाळेच्या वयाची दोन मुलं होती. मी पहिल्याच आठवड्यात मंगळवारची रजा टाकली. एकाचा बाप नको म्हणाला, धाकट्याला सांभाळायला कोण? त्याचं म्हणणं खोडून काढायला माझ्याजवळ काही नव्हतं. दुसरी एक मुलगी होती, दहा वर्षांची. ती आणि तिची आई माझ्या गाडीवर बसून शाळेत आल्या.

गुरुजींनी रजिस्टर काढलं. नाव लिहिलं, जन्मतारीख अंदाजाने लिहिली. पत्त्याच्या रकान्यापाशी पेन थांबलं. मुलीच्या आईने माझ्याकडे पाहिलं. मी आमच्या घराचा पत्ता सांगितला.

"मुक्काम खुटबाव," गुरुजींनी लिहिता लिहिता म्हटलं, "तालुका दौंड. किती दिवस आहे ही?"

"मार्चपर्यंत असंल," तिची आई म्हणाली.

"असू द्या," गुरुजी म्हणाले. "तेवढे दिवस तर तेवढे दिवस. जा गं, बस आत."